रोबोटेरियम: रोबो अटलांटात, कोड पुण्यात

मल्टी-रोबो कंट्रोल, म्हणजे अनेक रोबोंना एकत्र चालवणं, शिकणारं किंवा शिकवणारं कुणीही मला विचारलं की सर कुठलं किट घेऊ, तर माझं उत्तर आता ठरलेलं आहे. आधी काहीच घेऊ नका, आधी रोबोटेरियमवर अकाउंट काढा. अमेरिकेत अटलांटाला जॉर्जिया टेक नावाचं विद्यापीठ आहे, तिथल्या एका लॅबमधे छोटे छोटे चाकांचे रोबो ठेवलेत, जगातून कुणीही आपला कोड वेबसाइटवर टाकायचा, तो त्या खऱ्या रोबोंवर चालवला जातो आणि त्याचा व्हिडिओ आणि सगळा डेटा आपल्याला परत मिळतो. पैसे शून्य. मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या पोरांना कंट्रोल शिकवतो, शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ग्रुप माझ्याकडे असतात, आणि स्वॉर्म रोबोटिक्सवर (थव्यासारखे मिळून काम करणारे रोबो) काम करायचंय म्हणणाऱ्या प्रत्येक ग्रुपला मी आता इथूनच सुरुवात करायला लावतो. मराठीत याच्यावर कुणी नीट लिहिलेलं मला दिसलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडं मागचं सांगतो. ही कल्पना मॅग्नस एगरस्टेट या प्राध्यापकांची. २०१७ च्या ऑगस्टमधे ही लॅब रीतसर सुरू झाली, पैसा अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आणि ऑफिस ऑफ नेव्हल रिसर्चचा, सगळा मिळून सुमारे २५ लाख डॉलर. एगरस्टेट स्वतः २०२१ मधे कॅलिफोर्नियाला अर्व्हाइनच्या विद्यापीठात डीन म्हणून गेले. या लॅबमागचा मुद्दा अगदी साधा होता. बऱ्याच रोबोंना एकत्र कसं चालवायचं यावर पेपर ढीगभर निघतात पण खरे वीस-तीस रोबो सांभाळणं मोजक्या लॅबना परवडतं, त्यामुळे बाकीचे सगळे सिम्युलेशनवर थांबतात. आपल्याकडच्या कॉलेजांमधे तर हे रोजचंच आहे. एक रोबो कसाबसा मिळतो, दोन मिळाले तर एकाची बॅटरी गेलेली असते, आणि फॉर्मेशन कंट्रोल (रोबोंनी मिळून ठरलेला आकार धरणं) म्हटलं की निदान पाच-सहा तरी सारखे, एकाच वागणुकीचे रोबो लागतात. आम्ही एकदा एका डीलरकडून (नाव घेत नाही) एकाच मॉडेलचे म्हणून रोबो मागवले होते, त्यातल्या दोघांच्या मोटरी वेगळ्या निघाल्या, एकच कमांड दिली तरी एक सरळ जायचा आणि दुसरा डावीकडे ओढायचा, बदलून मिळेपर्यंत पोरांचं अर्ध सेमिस्टर गेलं. या असल्या कटकटीतून ही सर्व्हिस पूर्णपणे सोडवते आणि माझ्यासाठी तिचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

आता प्रत्यक्ष काय मिळतं ते बघू. मैदान ३.२ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, म्हणजे दोन मोठे डबल बेड शेजारी शेजारी लावले तर जेवढी जागा होईल साधारण तेवढंच. एका वेळी जास्तीत जास्त २० रोबो. एक रोबो सुमारे ११ सेंटीमीटरचा, दोन चाकांचा, सरळ जाण्याचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला २० सेंटीमीटर, म्हणजे या टोकापासून त्या टोकाला जायला सोळा सेकंद. वर छताला मोशन कॅप्चरचे कॅमेरे आहेत, रोबोंच्या डोक्यावर चमकणारे मार्कर असतात, त्यावरून प्रत्येक रोबो कुठे आहे आणि कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे सतत कळतं. वरून प्रोजेक्टरने मैदानावर चित्रही टाकता येतं, तुमच्या कोडमधे जो ग्राफ किंवा रेषा काढल्या असतील त्या थेट रोबोंच्या पायाखाली दिसतात. कव्हरेज कंट्रोलचे, म्हणजे रोबोंनी मैदान आपसात वाटून घ्यायचे प्रयोग करणाऱ्यांना याचा फार उपयोग आहे कारण कुठल्या रोबोच्या वाट्याला मैदानाचा कुठला तुकडा आलाय हे व्हिडिओत डोळ्याने बघता येतं, नंतर प्लॉट काढून समजवावं लागत नाही.

चार्जिंगचा भाग मला मनापासून आवडला. प्रयोग संपला की रोबो आपापले जाऊन कडेच्या चार्जिंगच्या जागी लागतात, वायरलेस चार्जिंग आहे, कुणाला प्लग लावत बसावं लागत नाही. ऐकायला किरकोळ वाटेल पण ज्याने वर्गात दहा रोबोंच्या बॅटऱ्या रात्री एकेक करून चार्जिंगला लावल्यात त्याला विचारा. स्वॉर्म म्हणजे शेवटी माणसाचा हात प्रत्येक रोबोला न लागता चालणारी यंत्रणा, आणि या लोकांनी ती गोष्ट देखभालीपर्यंत नेली आहे.

वापरायची पद्धत अशी. आधी त्यांचं सिम्युलेटर उतरवून घ्यायचं, मॅटलॅब आणि पायथन दोन्हीत आहे. मॅटलॅबचं लायसन्स नसेल तर अडत नाही, पायथनवालं तितकंच चांगलं आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. कोडचा सांगाडा एकदम छोटा आहे, सगळ्या रोबोंच्या जागा वाचा, वेग ठरवा, वेग द्या, एक पाऊल पुढे ढकला, पुन्हा जागा वाचा. एक पाऊल ०.०३३ सेकंदाचं, म्हणजे सेकंदाला तीस वेळा हे चक्र फिरतं. एका पावलात जागा दोनदा वाचायला गेलात तर सिम्युलेटर सरळ एरर देतं, ते बरोबरच आहे कारण खऱ्या यंत्रणेतही तसं चालत नाही. शेवटी एक डीबग रिपोर्ट छापून येतो, रोबो एकमेकांच्या फार जवळ गेले का, मैदानाबाहेर गेले का, मोटरच्या मर्यादेपेक्षा जास्त वेग मागितला का, आणि खऱ्या रोबोंवर हे चालायला साधारण किती सेकंद लागतील. रिपोर्ट स्वच्छ आला की तोच कोड, एक ओळही न बदलता, वेबसाइटवर टाकायचा. हे एक ओळही न बदलता प्रकरण फार महत्त्वाचं आहे, कारण आमची पोरं एरवी सिम्युलेशन एका सॉफ्टवेअरमधे करतात आणि हार्डवेअरचा कोड वेगळा लिहितात, मग काही बिघडलं की चूक गणितात आहे का वायरीत आहे हेच कळत नाही.

कोड टाकल्यावर रांग असते, निकाल लगेच मिळेल या अपेक्षेने बसू नका. अटलांटा आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे हेही लक्षात ठेवा. प्रोजेक्टच्या व्हायव्हाच्या आदल्या रात्री कोड टाकून सकाळी व्हिडिओ येईल असं गृहीत धरलं तर पोरांचं अवघड होईल, त्यामुळे मी ग्रुपना सेमिस्टरच्या सुरुवातीलाच एक साधा प्रयोग टाकून ठेवायला सांगतो.

त्यांच्या फोल्डरमधे तयार उदाहरणं आहेत, त्यातलं पहिलं बघायचं ते कन्सेन्सस. म्हणजे प्रत्येक रोबोने फक्त आपल्या ठरलेल्या शेजाऱ्यांकडे बघायचं आणि त्यांच्याकडे सरकायचं, बस. कुणालाच सगळ्यांची जागा माहीत नाही, मधे कुठला पुढारी नाही, भेटायची जागा आधी ठरलेली नाही, तरी सगळे एका ठिकाणी येतात. पंढरीच्या वाटेवर दिंडीतला माणूस पुढचा आणि शेजारचा बघून चालतो, सबंध दिंडी कुणालाच दिसत नाही पण ओळ मोडत नाही, तसंच हे. आता यात शेजारी कोण कोण हे बदलून बघा. सगळ्यांना सगळे दिसतात असा ग्राफ (कोण कुणाला जोडलंय याचा नकाशा) दिला तर झपकन जमतात, फक्त एका ओळीत जोडले तर तेच काम रेंगाळतं, कारण एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागतो. ग्राफ लाप्लासियनची (या जोडण्या मांडणाऱ्या मॅट्रिक्सची) दुसरी आयगेनव्हॅल्यू जेवढी लहान तेवढं जमणं हळू, हे मी फळ्यावर कितीही वेळा लिहिलं तरी पोरांच्या डोक्यावरून जायचं, आणि हे दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवले की मागच्या बाकावरूनही प्रश्न येतात.

मग फॉर्मेशन. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण या सर्व्हिसने मला इथे खरं काहीतरी शिकवलं. सहा रोबो, दोन ओळी, प्रत्येक ओळीत तीन, शेजाऱ्यांमधे ४० सेंटीमीटर अंतर, त्यांच्या नमुन्यातही याच धर्तीचा आयत आहे. नियम असा की प्रत्येक जोडीला एक अंतर नेमून दिलेलं, जोडीतलं अंतर जास्त झालं तर जवळ या, कमी झालं तर लांब जा. आता किती जोड्या लागतील? पुस्तकात लिहिलेलं असतं की सपाट जागेवर आकार घट्ट बसायला रोबोंच्या संख्येच्या दुप्पट उणे तीन एवढ्या जोड्या हव्यात, सहा रोबोंना नऊ. आयताच्या बाजूच्या सात जोड्या झाल्या आणि दोन लांब कर्ण, प्रत्येकी सुमारे ८९ सेंटीमीटर, म्हणजे बरोब्बर नऊ. हिशोब जुळला, परीक्षेत पूर्ण मार्क.

पण व्हिडिओ नीट बघा. चार कोपऱ्यातले रोबो पटकन जागेवर येतात आणि मधली जोडी, म्हणजे दोन्ही ओळींतला मधला मधला रोबो, किंचित बाहेर ढळलेली राहते आणि शेवटपर्यंत पूर्ण सरळ होत नाही. असं का? कारण मधले दोघे एकाच दिशेला, ओळीच्या काटकोनात, थोडेसे सरकले तर त्यांचं एकमेकांतलं अंतर तेच राहतं आणि दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांपासूनचं अंतर जवळजवळ बदलतच नाही. एक सेंटीमीटर सरकले तर ४० चं ४०.०१ होतं. कंट्रोलरला, म्हणजे वेग ठरवणाऱ्या कोडला, चूक दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून परत खेचणारा जोरही नगण्य. संख्या बरोबर असली तरी जोड्या कुठे लावल्यात त्यावर आकाराचा ताठपणा ठरतो, आणि ही गोष्ट जोड्या मोजून कळत नाही, त्यासाठी रिजिडिटी मॅट्रिक्सची रँक (खरोखर उपयोगी पडणाऱ्या जोड्यांची संख्या) काढावी लागते, ती इथे नऊऐवजी आठ येते. आम्ही एका कोपऱ्यापासून समोरच्या ओळीतल्या मधल्या रोबोपर्यंत एक जास्तीची जोडी लावली, अंतर ५६.६ सेंटीमीटर, आणि मधली जोडी लगेच ओळीत यायला लागली. सिम्युलेशनमधे पण हे दिसतं, पण तिथे आकडे शेवटी शून्याकडे जातात म्हणून पोरं दुर्लक्ष करतात. खऱ्या रोबोत घर्षण आणि थोडासा कंप असतोच, तिथे एवढासा जोर पुरत नाही आणि वाकडी ओळ वाकडीच दिसते. माझ्या मते फॉर्मेशन कंट्रोल शिकवणाऱ्याने हा एक प्रयोग तरी करायलाच हवा.

आता ज्या गोष्टीवर ही सगळी सर्व्हिस उभी आहे ती सांगतो, बॅरियर सर्टिफिकेट. विचार करा, जगातला कुठलाही अनोळखी माणूस, कदाचित पहिल्यांदाच कोड लिहिणारा, तुमच्या लॅबमधल्या महागड्या रोबोंना कमांड देणार आणि तुम्ही तिथे बसलेले नसणार. रोबो एकमेकांवर आपटणार नाहीत याची खात्री कशी द्यायची? त्यांनी नुसता कोड तपासण्यावर न थांबता एक गणिती चाळण लावली. तुमच्या कंट्रोलरने मागितलेला वेग घ्यायचा, आणि कुठलीही जोडी ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ येणार नाही अशी अट पाळून, त्या मागितलेल्या वेगाच्या सगळ्यात जवळचा वेग शोधायचा. हा एक छोटा क्वाड्रॅटिक प्रोग्रॅम (अटी पाळून सगळ्यात जवळचं उत्तर शोधायचं गणित) आहे, प्रत्येक पावलाला सुटतो. वीस रोबो म्हणजे १९० जोड्या, तेवढ्या अटी, सेकंदाला तीस वेळा. धोका नसेल तर तुमच्या वेगाला हात लावला जात नाही, धोका असेल तर लागेल तेवढाच बदल. ली वांग, एरन एम्स आणि एगरस्टेट यांचा २०१७ चा पेपर यावर आहे, गणिताची आवड असणाऱ्यांनी तो जरूर वाचावा, लिहिलाय पण छान.

मला या कल्पनेबद्दल मनापासून आदर आहे. अनोळखी लोकांना दार उघडायचं तर दोन रस्ते असतात, एक म्हणजे प्रत्येकाची झडती घ्यायची आणि दुसरा म्हणजे घरच असं बांधायचं की कुणाकडूनही मोडतोड होणार नाही. त्यांनी दुसरा रस्ता घेतला म्हणून माझ्या विद्यार्थ्यांसारख्या, कुठल्याही मोठ्या लॅबशी ओळख नसलेल्या पोरांना तिथे प्रवेश मिळतो.

पण वापरणाऱ्याने एक पक्कं लक्षात ठेवावं. ही चाळण तुमच्या कंट्रोलरच्या चुका झाकते. तुमचा कोड रोबोंना एकमेकांवर घालत असला तरी व्हिडिओत ते सभ्यपणे बाजूला होताना दिसतात, आणि पोरं खूश होऊन रिपोर्टात लिहितात की आमचा अल्गोरिदम टक्कर टाळतो. तुमचा अल्गोरिदम नाही टाळत, ती चाळण टाळते. म्हणून मी प्रत्येक ग्रुपकडून एक जादाचा प्लॉट मागतो, कंट्रोलरने मागितलेला वेग आणि चाळणीतून बाहेर आलेला वेग यातला फरक, वेळेनुसार. तो फरक बहुतेक वेळ शून्य असेल तर कंट्रोलर तुमचा. सतत मोठा असेल तर प्रयोग चाळणीने केलाय. हा प्लॉट सिम्युलेटरमधे दोन ओळींत निघतो, कुणी सबब सांगू नये.

दुसरं म्हणजे अडकणं. दोन रोबो समोरासमोर, दोघांना एकमेकांच्या जागी जायचंय, अगदी सरळ रेषेत. चाळण दोघांना थांबवते, कारण बाजूला जा असं कुणी सांगितलेलंच नाही, तिला फक्त आपटू नका एवढंच माहीत. मग दोघे समोरासमोर उभे. वर्तुळावर आठ रोबो ठेवून प्रत्येकाला समोरच्या बिंदूवर पाठवा, मधे सगळे येऊन गर्दी करतात. सिम्युलेशनमधे सगळं अगदी नेमकं सारखं असलं तर ते तिथेच अडकून राहू शकतात, खऱ्या मैदानावर कुणाचं तरी चाक थोडं आधी फिरतं, बरोबरी मोडते आणि गर्दी हळूहळू सुटायला लागते. नेहमीच सुटेल असं मात्र नाही. संशोधनातही यावर उपाय सुचवलेत, सगळ्यात सोपा म्हणजे थोडं उजवीकडे झुकायची सवय सगळ्यांना सारखीच लावून द्यायची. पोरांना हे करून बघायला सांगा, पुढे फॅक्टरीत किंवा गोदामात अनेक रोबोंवर काम करणार असतील तर हा प्रश्न त्यांच्या समोर येणारच आहे.

खरा रोबो आणि कागदावरचा रोबो यातला अजून एक फरक इथे चांगला कळतो. पेपरात रोबो म्हणजे एक बिंदू, कुठल्याही दिशेला लगेच निघतो. दोन चाकांचा रोबो आडवा सरकू शकत नाही, आधी वळावं लागतं. यावर त्यांनी तयार फंक्शन दिलंय, चाकांच्या अक्षावरचा बिंदू कंट्रोल करायचा नाही, त्याच्या पुढचा एक बिंदू धरायचा, डीफॉल्टला ५ सेंटीमीटर पुढचा. तो बिंदू कुठल्याही दिशेला लगेच हलवता येतो, कारण रोबो जागेवर वळला तरी तो आडवा सरकतो. हे अंतर फार कमी केलं तर रोबो झटके देत वळतात, वाढवलं तर सुळसुळीत जातात पण रोबोचा मध्य हवा तिथे नेमका बसत नाही. हे आकडे बदलून दोन-तीन व्हिडिओ मिळवले की तडजोड म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आपल्या इथल्या संशोधनाचाही एक प्रयोग आम्ही यावर केला. सायक्लिक पर्सूट म्हणजे पहिल्याने दुसऱ्याचा पाठलाग करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, शेवटच्याने पहिल्याचा. यावर अर्पिता सिन्हा (आता आयआयटी मुंबईत) आणि बंगलोरच्या आयआयएस्सीचे देबाशिष घोष यांचं काम आहे, प्रत्येक रोबोचा गेन, म्हणजे पाठलागाचा जोर, वेगळा ठेवला तर सगळे कुठे भेटतील ते ठरवता येतं. सगळ्यांचा गेन सारखा असेल तर सुरुवातीच्या जागांच्या बरोबर मध्यावर भेटतात, एखाद्याचा कमी केला तर भेटायची जागा त्याच्याकडे झुकते, कारण तो हळू सरकतो आणि बाकीच्यांना त्याच्याकडे यावं लागतं. पाच रोबोंवर हे टाकलं आणि मैदानावर अपेक्षित बिंदू प्रोजेक्टरने दाखवला, घोळका त्या बिंदूभोवतीच जमला. अगदी एका बिंदूवर येऊ शकत नाहीत हे उघड आहे, चाळण येऊ देत नाही आणि रोबोला अंग आहे. पेपरातलं गणित आपल्याकडच्या माणसांचं, रोबो अटलांटातले, कोड आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमधला, तो व्हिडिओ बघताना पोरांच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी मी ही सर्व्हिस पुन्हा पुन्हा वापरेन.

मर्यादा सांगितल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होणार नाही. पहिली आणि सगळ्यात मोठी, इथला स्वॉर्म खऱ्या अर्थाने स्वतःच्या डोळ्यांनी बघत नाही. जागा छतावरच्या कॅमेऱ्यांनी कळते, तुमचा कोड एका कॉम्प्युटरवर चालतो, सगळ्यांच्या जागा एकत्र मिळतात आणि वेग वायफायवरून जातात. प्रत्येक रोबोला फक्त शेजारी दिसतात ही अट तुम्ही स्वतः कोडमधे पाळायची. प्रामाणिकपणे पाळली तर प्रयोग खरा, नाहीतर सगळ्यांना सगळं माहीत असलेला, एकाच ठिकाणाहून चालवलेला कार्यक्रम होतो आणि व्हिडिओत फरक दिसत नाही. मी म्हणून कोड तपासतो, शेजाऱ्यांची यादी काढणारं फंक्शन त्यांनी दिलंय, त्याच्या बाहेरच्या रोबोची जागा कुठे वापरली असेल तर मार्क जातात. सेन्सरची चूक, हरवलेला मेसेज, मधेच बंद पडलेला शेजारी, हे सगळं हवं असेल तर ते पण कोडमधे आपणच घालायचं.

दुसरी म्हणजे संख्या. २० रोबोंना स्वॉर्म म्हणायचं का यावर वाद होऊ शकतो. हार्वर्डमधे राधिका नागपाल यांच्या ग्रुपने २०१४ मधे १,०२४ किलोबॉट (अगदी छोटे, स्वस्त रोबो) एकत्र करून आकार बनवून दाखवले, एकेका किलोबॉटच्या पार्टची किंमत सुमारे १४ डॉलर, चाकं नाहीत, कंप देणाऱ्या मोटरवर सरकतात आणि शेजाऱ्याशी इन्फ्रारेडने बोलतात. तिथे खरोखर वर कुणी बघणारं नव्हतं, पण एक आकार व्हायला बारा तासांच्या आसपास लागायचे. हजारांतली वागणूक अभ्यासायची असेल तर रोबोटेरियम त्यासाठी नाही.

तिसरी, सगळं जमिनीवर आणि सपाट. ड्रोनचं फॉर्मेशन करायचं असेल तर स्वीडनच्या बिटक्रेझ कंपनीचा क्रेझीफ्लाय बघा, २७ ग्रॅमचा, एका चार्जवर साधारण सात मिनिटं उडतो, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रुपने २०१७ मधे असे ४९ एकत्र उडवून दाखवले होते, त्या ग्रुपमधले गौरव सुखात्मे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी. पण तिथे रोबो, रेडिओ, जागा मोजायची यंत्रणा सगळं आपलं आपण घ्यायचं, आणि खर्च वाढत जातो. बरेच जण ड्रोन शो बघून स्वॉर्मकडे येतात, २०२२ च्या बीटिंग रिट्रीटला दिल्लीत विजय चौकात १,००० ड्रोन उडाले ते बघून माझ्याकडे दोन ग्रुप आले होते. त्यांना मी समजावून सांगतो की अशा शोमधे साधारणपणे प्रत्येक ड्रोनचा रस्ता आधीच कॉम्प्युटरवर आखून दिलेला असतो. तेही सोपं काम नाही, फार अवघड इंजिनीअरिंग आहे, पण शेजाऱ्याकडे बघून स्वतः निर्णय घेणं हा त्याहून वेगळा विषय आणि रोबोटेरियम त्या विषयासाठी आहे.

ज्यांना आजच सुरुवात करायची त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. सुरुवातीच्या जागा स्वतः नेमून द्या आणि भिंतीपासून लांब ठेवा. मागितलेला वेग कमाल वेगाच्या बराच आत ठेवा, सतत कमालीला टेकत असेल तर गणित एक सांगतं आणि मोटर दुसरंच करते, रेकॉर्ड झालेला डेटा वाचताना डोकं फिरतं. प्रयोग कधी संपवायचा याची अट कोडमधे लिहा, फक्त पावलं मोजून थांबवू नका, फॉर्मेशनची चूक अमुक इतकी कमी झाली की थांबा असं लिहा आणि वरून पावलांची कमाल मर्यादा पण ठेवा. आणि डेटा सेव्ह करायच्या ओळी विसरू नका, व्हिडिओ वर्गात दाखवायला चांगला पण रिपोर्टला आकडे लागतात.

कुणासाठी: कंट्रोल, रोबोटिक्स, ग्राफ थिअरी शिकणारे इंजिनीअरिंग आणि एमटेकचे विद्यार्थी, छोट्या गावातल्या कॉलेजातले शिक्षक ज्यांच्याकडे लॅबला बजेट नाही, आणि पेपरमधे हार्डवेअरचा निकाल दाखवायचा आहे पण रोबो नाहीत असे पीएचडीवाले. कुणासाठी नाही: सोल्डरिंग, सर्किट, मोटर ड्रायव्हर यात हात घालायचाय अशांसाठी, कारण इथे रोबोला हात लागत नाही. त्यांनी आयआयटी मुंबईच्या ई-यंत्रच्या रोबोटिक्स स्पर्धांकडे वळावं, तिथे ते मिळतं.

माझ्याकडून ५ पैकी ४.५. अर्धा मार्क कापला तो रोबोंना स्वतःचे डोळे नाहीत म्हणून. नाशिक, कोल्हापूर, नांदेड, अमरावती, कुठल्याही कॉलेजातल्या ग्रुपने हे वापरून फॉर्मेशनचा काही प्रयोग केला असेल तर खाली नक्की लिहा, विशेषतः मधल्या जोडीचा तो प्रकार तुम्हाला दुसऱ्या कुठल्या आकारात दिसला असेल तर मला तो बघायचाय.